नदी ओलांडून गेलेली बाग

लोणावळ्याहून पुण्याकडे येणारी लोकल दापोडी स्थानक सोडते आणि लगेच मुळा नदीच्या पुलावर येते. पूल संपला की खडकी. हे अंतर इतके थोडे आहे, की दारात उभे राहण्यासाठी माणसे दापोडीलाच उठून येतात. विद्यार्थिमित्रांनो, आज आपण ज्या बागेची गोष्ट पाहणार आहोत ती नेमकी हेच अंतर चालून गेली. मात्र तिला त्यासाठी काही वर्षे लागली.

पुण्यातील शाळांच्या सहलींची यादी ठरलेली असते. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, कात्रजचे सर्पोद्यान. खडकीचे नाव त्यात क्वचितच येते. खडकी म्हटले की ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई, दारूगोळ्याचा कारखाना, बॉम्बे सॅपर्सची छावणी आणि दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची दफनभूमी एवढेच आठवते. पण याच खडकीच्या अंगाला, औंध रस्त्यावर, सुमारे ३३ हेक्टरांची म्हणजे ऐंशीहून अधिक एकरांची एक जुनी बाग आहे. लोक तिला नुसते ‘बोटॅनिकल गार्डन’ म्हणतात. कागदोपत्री ती गणेशखिंडची बाग. तिथे घसरगुंड्या नाहीत, कारंजी नाहीत. पाहण्यासारखे काय आहे, हे आधी ठाऊक नसेल तर माणूस अर्ध्या तासात बाहेर येईल आणि म्हणेल, नुसती आंब्याचीच झाडे तर आहेत! तीच झाडे कशी पाहायची, ते आपण समजून घेऊ या. त्यासाठी आधी नदीच्या पलीकडे जायला हवे.

दापोडीचा बंगला आणि दापोडीची चित्रे

खडकीच्या लढाईत कॅप्टन फोर्ड नावाच्या अधिकाऱ्याची पलटण दापोडीहून येऊन इंग्रजांच्या फौजेला मिळाली होती. या फोर्डचा दापोडीला नदीकाठी बंगला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये तो सरकारसाठी विकत घेतला आणि पुण्याच्या मुक्कामासाठी गव्हर्नर तिथे राहू लागले. त्याच वर्षी बंगल्याच्या आवारात मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पतिबाग सुरू झाली. (इंग्रजी दप्तरात तिचे नाव ‘दापुरी’ असे येते. कोकणातील कृषी विद्यापीठाचे दापोली ते हे नव्हे. त्या दापोलीकडे आपण थोड्या वेळाने जाणारच आहोत.)

या बागेला खरा आकार दिला तो डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याने. १८०० मध्ये जन्मलेला हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला, येथील भाषा शिकला, मराठीही शिकला आणि दख्खन व खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर हिंडला. गावोगाव फिरताना त्याने झाडे पाहिली असणार, यात शंका नाही. १८३८ मध्ये दापोडीच्या बागेची सूत्रे त्याच्याकडे आली. बाग म्हणजे फुलांचे ताटवे अशी त्याची कल्पना नव्हती. औषधी वनस्पती लावायच्या, त्यांपासून सरकारी रुग्णालयांना औषधे पुरवायची, बाहेरदेशीची उपयुक्त झाडे येथे रुजतात का ते पाहायचे आणि रोपे व बी लोकांना द्यायचे, असा हा उद्योग होता. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्याने अशीच एक बाग चालवली.

जंगलातून हिंडणाऱ्या या वैद्याला आणखी एक गोष्ट दिसली. जहाजबांधणीसाठी सागवान भराभर तोडले जात होते. दक्षिण कोकणात डोंगर उघडे पडले, तिथले झरे आटत चालले आणि खाड्या गाळाने भरू लागल्या, असे त्याने १८४० च्या दशकात सरकारला लिहून कळवले. झाड, पाणी आणि माती यांचा हा संबंध आज तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्या काळी मात्र तो सरकारी अधिकाऱ्यांना पटवून द्यावा लागत होता. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या वनसंरक्षणाचा काच सर्वांत जास्त सोसावा लागला तो डोंगरउतारावर कुमरी शेती करणाऱ्या गरीब लोकांना. जहाजासाठी झाड तोडणारा व्यापारी आणि नाचणीसाठी राब भाजणारा माणूस यांना एकाच तराजूत घालणे न्यायाचे नव्हते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. असो.

आपल्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचे काम पुढेच आहे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने एका चित्रकाराकडून बागेतल्या व आसपासच्या वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. हा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच कळते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. ही चित्रे आज स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात आहेत. हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा कुठे दापोडीच्या बागेचे नाव पुन्हा लोकांसमोर आले.

तुम्ही विचाराल, झाड समोर असताना त्याचे चित्र कशाला? आणि वनस्पती वाळवून कागदावर चिकटवून ठेवता येतेच की! पुण्यातच भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ पासून आहे आणि तिथे असे वाळवलेले नमुने जपून ठेवलेले आहेत. वाळवलेल्या नमुन्याचे मोठेपण हे, की ती खुद्द वनस्पतीच असते. पानाचे केस भिंगाखाली पाहता येतात, फुलाचा भाग भिजवून उलगडता येतो. पण त्याचा रंग जातो. निळे फूल तपकिरी होते. आणि मांसल वनस्पतीचे तर फार हाल होतात. फड्या निवडुंग दाबून वाळवून पाहा म्हणजे कळेल.

याचे एक घरचेच उदाहरण आहे. जुन्नरच्या डोंगरकड्यांवर ‘शिंदळ माकुडी’ नावाची एक मांसल वनस्पती सापडते. तिच्या जाड खोडावर तांबूस, पिवळे ठिपके असलेली चांदणीसारखी फुले येतात. १८६० च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आणि तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले. हाच डाल्झेल १८६१ च्या ‘बॉम्बे फ्लोरा’ या ग्रंथाचा गिब्सनबरोबरचा सहलेखक. शिंदळ माकुडी जगात फक्त सह्याद्रीच्या काही मोजक्या कड्यांवर आहे. अशा वनस्पतीच्या फुलाचे ताजेपणीचे रूप पाहायचे तर चित्रच हवे, किंवा मग कड्यावर चढायला हवे.

चित्र आणि वाळवलेला नमुना यांत आठवण राहते. पण त्यांतून झाड पुन्हा उगवत नाही. त्याला दुसरी युक्ती लागते.

बाग नदी ओलांडते

१८६० मध्ये गिब्सन निवृत्त होऊन मायदेशी गेला. इकडे फ्रिअरसाहेबांना दापोडीचा बंगला अपुरा वाटू लागला आणि नदीच्या अलीकडे, गणेशखिंडीत, नव्या राजवाड्यासारख्या निवासाचे काम १८६४ मध्ये सुरू झाले. १८७१ पर्यंत ते चालले, आणि खर्च इतका वाढला की त्याबद्दल बरीच ओरड झाली. त्याच वास्तूत १९४९ पासून पुणे विद्यापीठ आहे. गव्हर्नर हलल्यावर दापोडीच्या बागेला वाली उरला नाही. १८६५ मध्ये ती बंद झाली. पुढे १८७३ मध्ये गणेशखिंडीजवळ नवी वनस्पतिबाग उभी राहिली. हीच आपली औंध रस्त्यावरची बाग.

या बागेचे अधीक्षक वुड्रो हे आंब्याचे मोठे शोकीन. ‘शोकीन’ म्हणजे खाण्याचेच नव्हे. त्यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या आंब्यांच्या जाती जमवून येथे लावल्या आणि १९०४ मध्ये आंब्याच्या लागवडीवर व जातींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुढे बाग कृषिखात्याकडे आणि नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आली. आज तिथे विभागीय फळ संशोधन केंद्र आहे. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. २००२ च्या जैवविविधता कायद्यात अशी तरतूद आहे. वारसा म्हटला की आपल्याला किल्ला किंवा लेणी आठवतात. आंब्याचे झाड वारसा कसे होईल?

कोय आणि कलम

तुमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी हा प्रयोग केला असेल. गोड आंबा खाल्ला, कोय परसात पुरली, पाऊस पडला, तांबूस कोवळी पाने फुटली. आजी म्हणाली, “अरे, तुझ्या नातवंडांना मिळतील आंबे!” समजा सात-आठ वर्षांनी त्याला फळ आलेच, तर ते त्या आंब्यासारखे लागेल का? बहुधा नाही. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही.

कारण सोपे आहे. आंब्याच्या मोहोरावर माश्या आणि इतर कीटक येतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. कोयीत जो भ्रूण तयार होतो त्याला आई ठाऊक असते, बाप शेजारच्या बांधावरचा कुणीही असू शकतो. आईबापांच्या गुणांची नव्याने सरमिसळ होते. म्हणून प्रत्येक कोय ही एक नवी व्यक्ती. अशाच कोयींतून वाढलेल्या झाडांना आपण रायवळ म्हणतो. एका शेताच्या बांधावर पाच रायवळ झाडे असतील तर पाच चवी असतात, आणि गावकरी त्यांना गोटी, शेपू, केळ्या अशी आपापली नावे देतात.

याला एक गमतीदार अपवाद आहे. केरळातील ओलूर, चंद्रकारन अशा काही जातींच्या कोयीतून एकाऐवजी अनेक अंकुर निघतात. यांतले बहुतेक भ्रूण परागामुळे झालेले नसून थेट आईच्या पेशींपासून, बीजांडातल्या ऊतकापासून, झालेले असतात. ती रोपे हुबेहूब आईसारखी होतात. आपल्याकडील हापूस, पायरी, लंगडा, दशेरी यांच्या कोयीत मात्र एकच भ्रूण असतो.

मग गोड निघालेले झाड टिकवायचे कसे? झाड शेदीडशे वर्षांनी मरणारच. उत्तर आहे कलम. ‘कलम’ या शब्दाचा मूळ अर्थ लेखणी. बोरू तिरका छाटून लेखणी करतात, तशीच फांदी तिरकी छाटून जोडतात. म्हणून दोहोंना एकच शब्द.

जुनी पद्धत भेट कलमाची. कुंडीत रायवळ कोयीचे वर्षाचे रोप वाढवायचे. ते कुंडीसकट, लागल्यास मांडव घालून, चांगल्या झाडाच्या फांदीजवळ न्यायचे. दोघांच्या सालीची पाच-सहा सेंटिमीटर लांब चकती काढून उघड्या जखमा एकमेकींना भिडवायच्या आणि केळीच्या सोपटाने किंवा सुतळीने घट्ट बांधायचे. दोन-तीन महिन्यांत जखमा एकजीव होतात. मग जोडाच्या वर रोपाचा शेंडा आणि जोडाच्या खाली फांदी कापायची. मुळे रायवळची, वरचे सगळे झाड हापूसचे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या कलेला पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात मोठी चालना मिळाली. ‘हापूस’ हे नावही पोर्तुगीज ‘आफोन्सु’ या नावावरून आले आहे.

जखमा एकजीव का होतात? साल आणि लाकूड यांच्यामध्ये पेशींचा एक पातळ, ओलसर थर असतो. त्याला ऊतककर म्हणतात. या पेशी सतत विभागत असतात. बाहेर साल आणि आत लाकूड तयार करणे हे त्यांचे काम. दोन्ही जखमांचे हे थर एकमेकांना नीट भिडले तर नव्या पेशी दोन्हीकडून वाढून सांधा भरतात आणि पाणी व अन्न नेणाऱ्या नळ्यांची जोडणी होते. थर भिडले नाहीत तर कितीही घट्ट बांधा, कलम वाळणार. म्हणून माळ्याचा चाकू धारदार हवा आणि हात स्थिर. नारळाच्या आणि सुपारीच्या खोडात असा थरच नसतो. म्हणून त्यांची कलमे बांधता येत नाहीत.

भेट कलमाला मोठ्या झाडाची फांदी अडकून पडते. कोकणात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, कोय कलमाची सोपी पद्धत प्रचारात आणली. कोय रुजून अंकुर पंधरा दिवसांचा झाला की त्याचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची आणि चांगल्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी तिच्यात बसवून बांधायची. अशा काड्या टपालानेही पाठवता येतात. एका झाडाच्या काड्या हजार गावी जाऊ शकतात.

आता गणेशखिंडच्या बागेकडे पुन्हा पाहा. तिथले एखादे जुने कलमी झाड म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुठल्या तरी दूरच्या बागेतून आलेल्या फांदीचेच पुढचे आयुष्य. ते मूळ झाड कधीच गेले असेल. बाजारात मात्र आज मोजक्या जातींना भाव आहे. बाकीच्या जाती कोणी लावत नाही, कारण त्या विकल्या जात नाहीत. समजा, एखादी जात आता फक्त दोन-तीन जुन्या झाडांतच उरली आहे. वादळात ती झाडे पडली आणि त्याआधी कोणी काडी घेतली नसेल, तर ती जात संपली. तिची कोय पेरून उपयोग नाही. कदाचित त्याच जातीत करपा सोसण्याचा किंवा अवकाळी पावसात मोहोर टिकवण्याचा गुण असेल, तोही गेला. अशी बाग वारसा ठरते ती यामुळे.

न्यूटनची फांदी

या बागेहून थोड्या अंतरावर, विद्यापीठाच्या आवारात, ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. तिच्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. न्यूटनच्या जोडीला तिथे सफरचंदाचे झाडही लावले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

इंग्लंडातील वूल्सथॉर्प या न्यूटनच्या घरच्या बागेतले ते प्रसिद्ध झाड १८२० मध्ये वादळात पडले; पण त्याच्या बुंध्याला पुन्हा फुटवे आले आणि त्याच्या फांद्यांची कलमे जगभर गेली. अशीच कलमे १९९० च्या दशकात पुण्याला आली. म्हणजे ते झाड न्यूटनच्या झाडाचे ‘वंशज’ नव्हते, ते त्याच झाडाचा तुकडा होते! त्याला फळेही धरली. परंतु काही वर्षांनी ते मेले. कलमाने गुण टिकतात तशा गरजाही टिकतात. जुन्या जातींच्या सफरचंदाला हिवाळ्यात सुमारे हजार तास सात अंश सेल्सियसच्या खालची थंडी लागते. त्याशिवाय कळ्या नीट जाग्या होत नाहीत. पुण्याची थंडी स्वेटरपुरती. खालची मुळे बदलली तरी वरच्या कळ्यांची ही सवय फारशी जात नाही.

सहलीची तयारी

ही सहल काढायची तर शिक्षकांनी फळ संशोधन केंद्राला आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. हे संशोधनाचे ठिकाण आहे. मोहोर पाहायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी, कलमे बांधताना पाहायची असतील तर पावसाळा. आयुकाला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास गेलात तर एका दिवसात दोन्ही ठिकाणे होतील.

बरोबर मोजपट्टी, भिंग, पेन्सिल आणि कोरी वही घ्या. कलमी झाडाच्या बुंध्यावर जमिनीजवळ सांध्याची खूण शोधा. कधी तिथे फुगवटा असतो, कधी वरची आणि खालची साल वेगळी दिसते. सांध्याच्या खालून धुमारा फुटला असेल तर त्याची पाने वरच्या पानांशी ताडून पाहा. तो रायवळ असणार. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजून झाडाच्या नावासमोर लिहा. मग एक फांदी निवडून तिचे रंगीत चित्र काढा. कॅमेऱ्याने फोटो काढू नका असे नाही. पण चित्र काढताना पानाच्या शिरा मोजाव्या लागतात, फोटो काढताना त्या मोजाव्या लागत नाहीत. चित्राखाली तारीख, जागा आणि स्वतःचे नाव लिहायला विसरू नका. दापोडीच्या चित्रकाराचे ते राहून गेले.

घरचा प्रयोग जूनमध्ये करता येईल. एकाच जातीच्या वीस कोयी जमवा, वरचे टणक कवच सांभाळून काढा आणि आतली बी ओल्या मातीत लावा. रोज निरीक्षण करा. कोणत्या दिवशी किती अंकुर आले, एका बीमधून एकच आला की जास्त, पहिल्या पानांचा रंग कोणता, हे नोंदवा. मग बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या एखाद्या जातीच्या, शक्य तर दक्षिणेकडून आलेल्या आंब्याच्या, वीस कोयी लावा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहा.